चोराचं वर्णन

१६ नोव्हेंबर, रविवार. पांढुर्णा

दीपाली, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. पोहोचल्या दिवसापासून लिहीन असं कबूल केलं होतं आणि वही उघडली ती आज. तू म्हणाली होतीस की बाबा, सारखा फोन करून जीव खाऊ नका, मनात येईल ते लिहून ठेवा आणि सौंसरकडे येणारं कुणी भेटलं की त्याच्या हाती पानं पाठवा. म्हणून लिहितो. अक्षर वाईट आहे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच.

जागा छान आहे. पुढे हेमराजचं फ्लेक्स छापायचं दुकान, मधल्या खोलीत कॉम्प्युटर, मागची खोली मला राहायला. मागे खिडकी आहे, तिला गज नाहीत याची मला पहिल्या दिवशी काळजी वाटली होती. हेमराज म्हणाला, बाबा, तुमच्याजवळ चोरून नेण्यासारखं आहे तरी काय? संत्र्याचा हंगाम आहे. गल्लीत क्रेटनी भरलेले ट्रक उभे असतात आणि हाताला, गादीला, पाण्याच्या माठालासुद्धा सालीचा वास येतो.

काम असं. इथल्या लहान लहान संस्था, बचत गट, भजनी मंडळ, व्यायामशाळा, वाचनालय, यांच्या फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर टाकायचा मजकूर हेमराजकडे होतो. तो मजकूर एआय लिहितं. आपण बोलायचं, ते ऐकतं आणि शुद्ध मराठीत लिहून देतं. माझं काम लोकांची माहिती घेऊन त्याला सांगायचं. कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य तोलाईवर, गाठी मोजण्यात गेलं, तिथे लिहिणारा साहेब वेगळा असायचा. आता माझ्या सांगण्यावरून लिहिणारा साहेब मिळाला.

पहिलं काम समोरच्या अंबाबाईंच्या बचत गटाचं, सरगुंड्यांची जाहिरात. मी सांगितलं की बाया ओट्यावर बसून गव्हाच्या पिठाचे, शेवयांसारखे हातानं वळतात. त्यानं इतकं सुंदर लिहिलं की अंबाबाईंनी दोनदा वाचून घेतलं आणि मग म्हणाल्या, हे आमचेच सरगुंडे व्हय का? त्यांनी वाटीभर आणूनही दिले. नितीनला सांग, त्याच्या ओळखीनं मिळालेलं काम चांगलं आहे, काळजी नको.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काम जमायला लागलं आहे. तरी बटण चुकीचं दाबलं जाईल ही धास्ती असतेच. भजनी मंडळाचा सप्ताह झाला, व्यायामशाळेचं रक्तदान झालं.

हे एआय मजकूर लिहिण्याआधी प्रश्न विचारतं. कार्यक्रम किती वाजता, कुठे, कोण पाहुणे. मला आप म्हणतं, नव्हे, आपण म्हणतं. मी सकाळी सुरू करताना नमस्कार करतो. हेमराज हसून हसून खोकतो, म्हणतो, बाबा, त्याला चहा पण ठेवत जा. हसू दे. माझ्याशी इतक्या शुद्ध भाषेत आदरानं कोण बोललं आहे? आणि साहेबानं प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, गप्प उभं राहायचं नाही, ही सवय जिनिंगमधली. माहिती नाही असं म्हटलं की तिथे माणूस कामावरून घरी जायचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज बाग राखण समितीचे अध्यक्ष भूपेंद्र आले होते. बगीच्यांतल्या विहिरींवरून मोटारीची केबल कापून नेतात, तांब्यासाठी. ऐन हंगामात ओलीत थांबतं. भूपेंद्रची केबल दोनदा गेली आहे. माणूस तापट आहे, बोलताना टेबलावर मूठ आपटतो.

गेल्या आठवड्यात मी त्यांचा मजकूर केला होता, शेतकरी बांधवांनी सावध राहावे असा. तो कुणी वाचला नाही. भूपेंद्र म्हणाले, बाबा, चोराची बातमी लिहिली का मुंजीचं आमंत्रण? वाचणाऱ्याचं रक्त उसळलं पाहिजे. ते माझ्या मागे उभे राहिले आणि मी पुन्हा सांगायला बसलो.

एआयनं विचारलं, संशयित व्यक्तीचे वर्णन उपलब्ध आहे का? नसल्यास तसे सांगावे, वर्णनाशिवाय मजकूर लिहिता येईल.

भूपेंद्र मागे. समोर प्रश्न. माझ्या तोंडून नाही हा शब्द निघेना. दुकानाच्या दारातून समोर अंबाबाईंच्या ओट्यापाशी एक धारवाला दिसत होता, सायकलवरच्या चाकावर विळे घासून देणारा. मी दिसेल ते सांगत गेलो. उतारवयाचा, गळ्यात हिरवा मफलर, सायकलला मागे पोतं, जवळ धारदार हत्यारं. मला त्या माणसाला चोर म्हणायचं नव्हतं, दीपाली. रिकामी जागा भरायची होती.

भूपेंद्र खूश झाले. म्हणाले, आता झाली बातमी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मजकूर फार पसरला आहे. मोहगावहून, लोधीखेड्याहून फोन येत आहेत. खाली लोकांनी लिहिलं आहे की सापडला तर पोलिसांना द्यायचा नाही. एकानं लिहिलं, आधी बोटं, मग मनगट. त्यावर हसणारी तोंडं लावली आहेत, भजनी मंडळातल्या माणसांनीसुद्धा.

रात्री झोप नाही. हेमराजला म्हटलं की ते काढून टाकू, वर्णन माझ्या मनचं आहे. त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, बाबा, पहिल्यांदा लोक आपलं वाचून राहिले, अन् तुम्ही मोडता घालून राहिले. धारवाले काय एक आहेत? असतात हिंडत. आपोआप थंड होते.

आज धारवाला आला नाही. बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर आज आणखी वाईट आहे. समजून वाच.

सकाळी ओरडा झाला की चोर सापडला. सगळे नदीकडे पळाले, मीही गेलो. बगीच्याच्या कुंपणाशी त्याला पाडलं होतं. हिरव्या मफलरनंच त्याचे हात बांधले होते. सायकल उलटी पडली होती, चाक फिरत होतं. तो सांगत होता की मी धार लावतो, भाऊ, घरोघरी विचारा, मी धार लावतो. भूपेंद्रनं पोतं उपडं केलं. विळे, कात्र्या, अडकित्ते पडले. पाहा, पाहा, हत्यारं, असा गलका झाला आणि मग काठ्या बोलू लागल्या. काठ्या, क्रेटच्या फळ्या, ओलिताचा लोखंडी पाईप.

पाईपचा आवाज आधी ठणठणीत येत होता. नंतर ओला यायला लागला.

त्याचा जबडा एका बाजूला गेला होता, तरी तो बोलत होता, शब्द फुटत नव्हते. एकानं त्याचाच विळा उचलला आणि त्याच्या बोटांवर — मजकुराखाली लिहिलं होतं तसंच. आधी बोटं. कुणी मोबाईल वर धरून त्यातलं वर्णन मोठ्यानं वाचत होता, एकेक गोष्ट, उतारवयाचा, मफलर, पोतं, आणि लोक दर वेळी बरोबर म्हणत होते.

मी ओरडलो. ओरडलो की ते मी सांगितलं आहे, खोटं आहे. मला धक्का बसून मी पडलो. कुणी ऐकलं नाही. उठलो तेव्हा त्याचा एक डोळा उघडा होता आणि त्यावर माती होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याचं नाव रामाजी. रामाकोन्याचा. आपल्याच तालुक्यातला, दीपाली, बाहेरचासुद्धा नव्हे. अंबाबाईंचे विळे तो वर्षानुवर्षं घासायचा. त्या कालपासून जेवल्या नाहीत.

पोलीस आले, काही पोरांना घेऊन गेले. भूपेंद्र मोकळाच आहे. हेमराजनं मला बजावलं की तोंड उघडायचं नाही. म्हणाला, मारलं दुनियेनं, तुम्ही कशाला गळ्यात घेऊन राहिले? केबल काल पुन्हा कापली गेली. भूपेंद्र सांगत फिरतो की एक गेला, टोळी बाकी आहे.

टोळी. मला भीती वाटते. उद्या कुणाचा मफलर, कुणाचं पोतं. वर्णन अजून फिरतंच आहे. त्या वर्णनात अजून कुणीतरी बसेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मी केलं. हेमराज छिंदवाड्याला गेला होता तेव्हा बसलो. एआयला सगळं सांगितलं. वर्णन मी दिलं, चोर मी पाहिलेला नाही, रामाजी धार लावणारा होता, निर्दोष मेला, यापुढे कुणावर हात टाकू नका. त्यानं विचारलं की खाली नाव द्यायचं का, तसं केल्यास आपल्याला धोका होऊ शकतो. मी म्हटलं, द्या. नाव नसलेल्या कागदाला कोण मानतं? गुलाब, मुक्काम सौंसर, हल्ली पांढुर्णा. सगळ्या संस्थांच्या पानांवर टाकलं.

छातीवरचं ओझं उतरलं. मग लोक लिहू लागले.

हा कोण गुलाब? आधी चोर म्हणतो, मग साव म्हणतो. ह्याला चोराचा इतका पुळका का? हा इथं आलाच कधी? हा आल्यावरच —

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी चहाला गेलो. टपरीवरचे सगळे माझ्याकडे वळले. एकानं विचारलं, टोळीतले बाकीचे कुठं आहेत, बुढ्या? मी सांगितलं, मी हेमराजच्या दुकानातला. त्यांनी हेमराजला बोलावलं. तो आला, माझ्याकडे न बघता म्हणाला की कामाला ठेवला होता, कुठला कोण मला माहीत नाही.

माहीत नाही म्हणाला. नितीनच्या ओळखीनं ठेवलं होतं त्यानं.

मग मारलं. समोरचे दोन दात गेले. एकानं पायावर फळी घातली, उजवा पाय जमिनीवर टेकत नाही. मोबाईल दगडावर ठेवून ठेचला. तुमचे नंबर त्यातच होते, मला एकही पाठ नाही. अंबाबाई विळा घेऊन मध्ये पडल्या, म्हणाल्या, या, एकेकाची मुंडी उतरवते, तेव्हा सुटलो. त्यांनीच ओढत खोलीत आणलं. बाहेर पडू नका म्हणाल्या.

तोंडातून रक्त थांबत नाही. पानावर पडलं आहे, माफ कर.

१ डिसेंबर, सोमवार

अंबाबाईंनी त्यांच्या मोबाईलवर दाखवलं. समितीच्या पानावर नवा मजकूर आहे. कुणी सांगितला, हेमराजनं की भूपेंद्रनं, कळत नाही. पण भाषा मी ओळखतो. एवढे दिवस मीच त्या एआयशी बोलत होतो.

वय साधारण सत्तर. पांढरी मिशी. समोरचे दोन दात पडलेले. उजवा पाय ओढत चालतो. फ्लेक्सच्या दुकानामागे एकटा राहतो. बोलणे अत्यंत नम्र असते, त्यामुळे फसू नये.

सगळं खरं आहे, दीपाली. एक शब्द खोटा नाही. ह्या खेपेला त्याला कुणी खोटं सांगितलेलं नाही. माझे दात त्यांनी पाडले आणि वर्णनात घातले.

खाली लोक लिहून राहिले, पाहिला. मी पाहिला. मी पण पाहिला.

१ डिसेंबर, दुपार

दुकानाचं शटर वाजतं आहे. पोलिसांना फोन केला अंबाबाईंनी, येतो म्हणाले. अजून आले नाहीत.

मधल्या खोलीचं दार मी खाट लावून —

पाईपचा आवाज. ठणठणीत आहे अजून.

कुणीतरी बाहेर मोठ्यानं वाचतं आहे. पांढरी मिशी. लोक म्हणतात, बरोबर. उजवा पाय. बरोबर.

खिडकीतून मला निघता येत नाही, पाय वर उचलतच नाही. प्रयत्न केला. अंबाबाई मागे खिडकीबाहेर उभ्या आहेत, हात आत घालून. पानं द्या म्हणतात, सौंसरची बस आहे, मी स्वतः जाते, तुमच्या पोरीला घेऊन येते. तुझं घर त्यांना सांगितलं आहे, बसस्टँडमागे, पिठाच्या चक्कीशेजारी —

शटर वर गेलं.

दीपाली, चिठ्ठी पाठवू नको, चिठ्ठी कुणी वाचणार नाही. माणूस पाठव. नितीनला, जिनिंगमधल्या कुणालाही, मला तोंडानं ओळखणारा कुणीही. त्यानं एवढंच यांच्यासमोर म्हणावं की हा गुलाब आहे, आमचा आहे. लवकर निरोप दे, पोरी. आत्ता, ही पानं हातात पडताच, लवकर —

दार फुटतं आहे. अंबाबाई ओढतात कागद. थांबा, एक ओळ, माझं वर्णन असं सांग त्यांना की मी