खरंच जाताना काय म्हणतात

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. फोनवर तू दर दोन वाक्यांनी 'जेवलीस का' विचारतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. जेवले. कंबर मात्र पार कामातून गेली आहे. तुला वाटतं, परदेशातल्या अनाथाश्रमात तुझी लेक मुलांना गाणी शिकवते. अगं, मी उवा काढते. ओल्या गाद्या उन्हात टाकते, नखं कापते, एकाचा बूट दुसऱ्याच्या पायातून ओढून काढते. सुरुवातीला फार माया दाटून यायची. आता संध्याकाळी नुसती झोप दाटून येते.

माझ्यासारखी सेवेला आलेली माणसं इथे सारखी बदलतात. काही आठवडे राहतात, फोटो काढतात, निघताना गळा काढतात. मुलं बघतसुद्धा नाहीत. निरोपाचा शब्द कानावर पडला की पाठ फिरवून खेळायला लागतात. इतकी तयार झाली आहेत गं.

माझं वेगळंच झालं, आणि तेही तुझ्यामुळे. शाळेला निघताना 'जाते' म्हटलं की तू मला उंबऱ्यावरून परत बोलवायचीस, 'येते म्हण' म्हणून दटावायचीस. ते इतकं अंगात मुरलंय, की पहिल्याच संध्याकाळी खोलीवर जायला निघाले आणि त्यांच्या भाषेत, मोडकंतोडकं, 'येते' म्हणाले. स्वयंपाकीणबाई पोट धरून हसल्या. ही बया चालली आहे आणि म्हणते येते! मुलांना मात्र ते खरं वाटलं. वाटणारच, रोज सकाळी मी येतच होते ना!

त्यांतली एक पाच-सहा वर्षांची आहे. पावाचे तुकडे उशीखाली साठवते म्हणून मी तिला खारूताई म्हणते. मागे मी तापाने आडवी झाले, तेव्हा ही बूट घालून दाराशी बसून राहिली. जेवायलाही उठेना. 'ती येते म्हणाली आहे' एवढंच सगळ्यांना सांगत होती. बरी होऊन गेल्यावर मी तिला समजावलं, की आमच्याकडे जातानाच तसं म्हणतात, नुसती रीत आहे ती. तिने बराच विचार केला आणि विचारलं, मग खरंच जाताना काय म्हणता? आपल्याकडे नुसतं 'गेला' म्हटलं की माणूस मेला, हे त्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगू?

बाबाही 'येतो' म्हणूनच गेले होते ना गं? भांडण नाही, तंटा नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, येतो म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं तू दाराची वरची कडी लावत नव्हतीस. आम्ही विचारलं तर म्हणायचीस, गंजली आहे, सरकत नाही. आई, मी एकदा सरकवून पाहिली होती. सहज सरकली. तुला कधी बोलले नाही.

मी रविवारी इथून निघते आहे. फार थकले आहे आणि इथे परत येणं माझ्याच्याने होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून खारूताईला दारात मी 'येते' म्हणणार नाही. तिच्यासमोर खाली बसून, तिच्या भाषेत, 'जाते' म्हणणार आहे. ती पाठ फिरवून खेळायला लागेल. लागू दे. बूट घालून दाराशी बसण्यापेक्षा ते बरं. तुझी परवानगी मागायला हे पत्र लिहिलं, कारण फोनवर तू तो शब्द मला पुरता उच्चारूही दिला नसतास. पत्र सोमवारी सकाळी तुझ्या हातात पडेल, तोवर मी म्हणून मोकळी झालेली असेन, तेव्हा काय बोलायचं ते घरी आल्यावर बोल. सोमवारी रात्री मात्र वरची कडी लावू नकोस. मी येते.

तुझीच,
धाकटी