साहित्य विनामूल्य मिळेल

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण पाठ धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच हात जोडतो, गोड मानून घ्या. तुमची प्रकृती उत्तम असेलच. (तुमचा रक्तदाब तुमच्या बहिणीकडून मला रोज कळतो. माझा तिला कधी कळत नाही.) वहिनींना नमस्कार. अशा पत्रात 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे खरी, पण माझी काहीएक विनंती नाही. तुमच्या भाचीचं लग्न ठरता ठरता मोडणार होतं आणि मोडता मोडता ठरलं, एवढंच कळवायचं आहे. ते कसं, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही आणि वाचल्याशिवाय तुमची सुटका नाही.

तुमच्या बहिणीची समाजसेवा तुम्हाला ठाऊक आहेच. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की ज्या वस्तू लागतात, म्हणजे हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करायचा पलंग, चाकांची खुर्ची, वॉकर, कुबड्या, हवेची गादी, त्या ती लोकांना फुकट वापरायला देते आणि काम झालं की परत घेते. काम पुण्याचं आहे. पण पुण्य ठेवायला जागा लागते, हे कुठल्याही संताने सांगून ठेवलेलं नाही. आमच्या घरात मी सध्या तिरका चालतो. टॉवेल वॉकरवर वाळतात. वर्तमानपत्र मी चाकांच्या खुर्चीत बसून वाचतो आणि चहा हवा असला की तसाच स्वयंपाकघरापर्यंत जातो. (ही एक सोय आहे, नाही म्हणत नाही.) जेवायला बसलं की हटकून फोन वाजतो, आणि हातातला घास तसाच धरून ही खणखणीत आवाजात विचारते, "कमोडची खुर्ची ना? भांड्यासकट हवी की बिनभांड्याची?" त्यानंतर माझी भूक मेल्यातच जमा. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर मी उभी हयात काढली, गावभरच्या तक्रारी ऐकल्या. आता माझी एक तक्रार ऐकायला या घरात खिडकी नाही.

अशात तुमच्या भाचीने जाहीर केलं की तिने मुलगा पसंत केला आहे आणि त्याचे आईवडील रविवारी आपल्याला भेटायला येणार आहेत. मुलगा सोन्यासारखा आहे, आमची ना नव्हतीच. पण आनंदाने उड्या मारायच्या ऐवजी पोरगी रडकुंडीला आली. मागे तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच आवाज उतरवून विचारलं होतं, "कोण सिरियस आहे गं?" मुलाची आई फार काटेकोर, असं तिच्या कानावर होतं. या घरात कायमचं आजारपण आहे असं त्या बाईंच्या मनात भरलं, तर संपलंच सगळं. "आई, बंद कर आता हे," ती म्हणाली. "एकदा तरी मला माझ्या घरी कुणाला बोलवू दे." तुमची बहीण एरवी एका वाक्याला चार वाक्यं परत करणारी. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाली आणि कुबड्या पुसत बसली. दादा, मला ते पाहवलं नाही. (घर मोकळं होणार याचा आनंद वेगळा. तोही झाला.)

रविवारी सकाळपासून मी आणि पोरगी झाकपाक करायला लागलो. हलेल तेवढं आतल्या खोलीत कोंबलं. एक पलंग दारातून जाईना, म्हणून त्यावर भरतकामाची चादर टाकून त्याचा दिवाण केला. कोपऱ्यातल्या कमोडच्या खुर्चीला शाल पांघरली. राहिली दारावरची पाटी. वर 'रुग्णसाहित्य सेवा केंद्र' आणि खाली 'साहित्य विनामूल्य मिळेल'. स्क्रू गंजलेले, पाटी काही निघेना. तेव्हा पोरीने 'रुग्ण' एवढ्या अक्षरांवर पाटीच्याच रंगाचा कागद चिकटवला. उरलं ते काय, हे घाईत कुणी वाचून पाहिलं नाही.

मुलाचे वडील (त्यांना आता व्याहीच म्हणतो) दातांचे डॉक्टर आहेत आणि कविता करतात. पेशंटचं तोंड उघडं असतानाच ऐकवायची सवय असल्यामुळे आजवर त्यांच्या कवितेला कुणी नको म्हटलेलं नाही. ते पाटीसमोर थबकले, ती दोनदा वाचली आणि गहिवरून आत आले. आले ते थेट शालीच्या खुर्चीत बसले. (मध्ये जरा खोल आहे, असं म्हणाले.) मग त्यांनी तुमच्या बहिणीला विचारलं, कुठल्या साहित्याला मागणी जास्त? तिला कागदाचा पत्ता नव्हता. तिला वाटलं, पोरीने सगळं सांगून टाकलेलं दिसतंय. ती खुललीच.

"जडच जास्त लागतं," ती म्हणाली. "हलकं नेलं की लोक परत आणत नाहीत."

"आणि नवं?"

"नव्यात दम नाही हो. दोन महिन्यांत खिळखिळं होतं. जुनं बघा, दहा जणांनी वापरलं तरी हलत नाही."

अगदी माझ्या मनातलं बोललात, असं व्याही म्हणाले. पण लोक आपणहून वळतात का साहित्याकडे? छे, ही म्हणाली, स्वतःच्या पायावर उभं राहता येतंय तोवर कोण फिरकतंय! आणि साहित्य बहुतेक वेळा परत येतं, नेणारा माणूस मात्र राहिलेला असतोच असं नाही. यावर व्याही सुन्न झाले. "मग मी सगळं फिनेलने पुसून पुढच्याला देते," हे तिचं वाक्य ऐकल्यावर ते थोडे गोंधळले, पण साहित्यात शुद्धता हवीच, असं पुटपुटत त्यांनी पिशवीतून स्वतःच्या कवितांचं बाड काढलं आणि वाचायला सुरुवात केली.

विहीणबाई दिवाणाच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. तिसऱ्या की चौथ्या कवितेला त्यांचा हात चादरीखालच्या लोखंडी कठड्याला लागला. त्यांनी चादर उचलली, खाली वाकून पाहिलं आणि उठून तडक आतल्या खोलीचं दार उघडलं. मी मनातल्या मनात लग्नावर पाणी सोडलं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. तुमच्या बहिणीचा हात धरून म्हणाल्या, "हवेची गादी मिळेल का हो एखादी?"

झालं होतं असं, की त्यांच्या सासूबाई पडल्यापासून अंथरुणावरच आहेत. सुनेच्या गळ्यात आल्या आल्या आजारपण, असं आम्हाला वाटेल म्हणून त्यांनी ते आमच्यापासून लपवलं होतं आणि मुलालाही तोंड उघडू दिलं नव्हतं. विकत काही आणावं, तर आजींचा हट्ट, मी काय आता कायमची पडले का? तुमची बहीण म्हणाली, "विकतचं आणूच नका. आमचं परत करायचं असतं, एवढंच सांगा त्यांना." परत करायचं आहे म्हटल्यावर आजी त्याच संध्याकाळी निमूटपणे आमच्या दिवाणावर निजल्या. (तो जिन्यावरून उतरवताना एक बाजू धावत आलेल्या जावयाकडे होती आणि दुसरी माझ्या पाठीकडे.) कविता अर्धीच राहिली, आणि लग्नाचं काय, हे विचारायलाही कुणाला सवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला: आई झोपल्या, मीही कितीतरी दिवसांनी झोपले, आणि हो, तारीख कधीची धरायची? फोन ठेवला आणि दादा, मी चाकांच्या खुर्चीत बसून घरभर फिरलो. इतकं हलकं मला निवृत्त झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं. पाटीवरचा कागद पोरीने आपल्या हाताने खरवडून काढला.

कळावे, लोभ आहेच, तो हे पुढचं वाचूनही राहावा.

आपला,
पाठ शेकत उभा असलेला मेहुणा

ता. क. लग्नघर म्हटल्यावर पाहुण्यांना बसायला जागा हवी. तुमच्या तळमजल्यावरची खोली नुसती बंदच असते, असं ऐकतो. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं, तो टेम्पोचा ड्रायव्हर आहे. टेम्पो खाली उभा आहे. किल्ली घेऊन उतरा.

ता. क. २ ड्रायव्हरशेजारी बसलेले गृहस्थ आमचे व्याही. राहिलेली कविता ऐकवायला आले आहेत.

दादा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पोरगी बोलली, तेव्हा मी खरंच सगळं दुसऱ्या एका संस्थेला देऊन टाकायचं ठरवलं होतं. त्यांची माणसं शनिवारी न्यायला आली. ह्यांनी दार उघडलं आणि माझं नाव ऐकून सांगितलं, अशी कुणी बाई इथे राहतच नाही. मी मागेच उभी होते. मला कळलंय हे ह्यांना माहीत नाही. तूही बोलू नकोस.