डालड्याच्या डब्यातला लसूण

मु. वडाचीवाडी, ता. कोरेगाव, जि. सातारा
१२ फेब्रुवारी १९७३

चि. शालन हीस मामांचे अ. उ. आ., वि. वि.

पत्र पावलं. भावजय सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, वाचून बरं वाटलं. तिचं सगळं नीट कर. हिकडची काळजी नगं. भाकरी शेजारची मनुबाई थापून देती, संगं खायला कोरड्यास मी करतो. पंधरा वर्सं पलटणीत काढली, तुझ्या सासऱ्याला चूल पेटवता येती.

लिहायचं कारण, काल टोपल्यातल्या कांद्यांना कोंब आलेले दिसले. टाकायला निघालो आन् तुझी सासू आठवली. कांद्याचा बुडखा, लसणीची पाकळी, कोथिंबिरीची मुळं, काय म्हणून टाकून द्यायची न्हाई. सगळं डालड्याच्या डब्यात खोचायची. मी लय चिडायचो. दारात गंजके डबे मला बघवायचे न्हाईत. दोनदा उचलून उकिरड्यावर फेकले. तिनं पुन्हा आणून मांडले. जाऊन तीन वर्सं झाली तिला. औंदा दुष्काळानं बाजारात पालेभाजी दिसंना, म्हटलं आपणच लावून बघू. कसं लावायचं ते बैजवार कळव. तिनं तुला शिकवलं, मला शिकवायचं राहून गेलं.

घरात सगळ्यांस रामराम. पत्राची वाट बघतो.
तुझे मामा, लालासाहेब

माधवनगर, सांगली
२० फेब्रुवारी १९७३

ती. मामांच्या चरणी शालनचा शि. सा. न., वि. वि.

आपलं पत्र दादानं मोठ्यानं वाचलं आणि घरभर हशा पिकला. आई म्हणाली, हवालदारसाहेब आता कांद्यांची कवायत घेणार!

नीट सांगते. बुडखा बोटभर जाडीचा कापा, दिवसभर सुकू द्या, मग मुळं खाली करून मातीत बसवा. पाणी बेतानं, नाहीतर कुजतो. लसणीच्या पाकळीचं टोक वर ठेवा. कोथिंबिरीची मुळं चार बोटं देठासकट पुरा आणि उन्हापासून जपा. भांडी विसळलेलं पाणी चालतं.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी मुळ्याचे शेंडे केरात टाकले होते. सासूबाईंनी ते उचलले, पदरानं पुसले आणि म्हणाल्या, पोरी, ह्यांच्यात अजून जीव हाय. हे सुट्टीवर आले की आधी डब्याकडे जायचे, लसणीची पात खुडून ठेचा करायला लावायचे. लढाईत गेले त्याला सव्वा वर्ष झालं. इथं कुणी पात चिरली तरी मी उठून बाहेर जाते.

दादा म्हणतो, सांगलीच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव घाल, मास्तरीण हो. मी नको म्हटलं. मी पुस्तकं घेऊन बसले तर तुमच्या चुलीकडे कोण बघणार? भावजय हिंडू-फिरू लागली की येतेच.

प्रकृतीस जपावे. माया आहे तशीच ठेवावी.
आपली, शालन

वडाचीवाडी
१८ मार्च १९७३

चि. शालन हीस अ. आ.

कार्डावर जागा कमी. तुझ्या हुकमापरमाणं नऊ डबे लाईनीत उभे केले. कांद्याची पात वीतभर झाली, कोथिंबीर दाट, मुळ्याचा पाला तर आवरंना, मनुबाईला वाटतो. रोज ताजं खाऊन माझं पोट सुटाय लागलंय. तवा तू यायची घाई करू नगंस. अर्ज भर. आमचा चुलतभाऊ भाऊसो म्हणाला, विधवा सून शिकाय धाडतोस व्हय? मी म्हटलं, व्हय, धाडतो.

बाळीला माझा पापा.
मामा

माधवनगर
२२ एप्रिल १९७३

ती. मामांस शि. सा. न.

मनुबाई लेकीकडे सांगलीला आली होती, मला भेटून गेली. मुळ्याच्या पाल्याचं विचारलं तर ती बघतच राहिली. म्हणाली, कसला पाला गं, डब्यांत काटक्या हायत. तिनंच सांगितलं, तुम्ही चटणी-भाकरीवर राहता, चूल दोन दोन दिवस पेटत नाही आणि विजार ढिली झाली म्हणून सुतळी बांधता. मामा, माझ्याशी खोटं?

अर्ज दादानं आणलाय. मी तो भरणार नाही. आठ-पंधरा दिवसांत एस.टी.नं येते, कायमची. आता नको म्हणू नये.

शालन

वडाचीवाडी
२ मे १९७३

चि. शालन हीस अ. उ. आ.

मनुबाई खरं बोलली. कांदा मी पाणी घालून घालून कुजवला, कोथिंबीर उन्हानं गेली, मुळ्याचे शेंडे शेळीनं खाल्ले. नऊ डब्यांत एक लसूण तेवढी तगली.

एक खोटं तू धरलंस, दुसरं मीच सांगतो. ते ह्याहून वाईट हाय. लढाईच्या आदल्या महिन्यात माझ्या पोराचं, कृष्णातचं पत्र आलं हुतं, माझ्या एकट्याच्या नावानं. लिहिलं हुतं, आबा, शालन लय हुशार हाय, मी येवो न येवो, तिला मास्तरीण करा. तू तवा परड्यात हुतीस. मी पत्र ट्रंकेच्या तळाला घातलं. म्हटलं, तो आला की बघू. तो आला न्हाई. मग वाटलं, तूबी गेलीस तर ह्या घरात मी कुणाशी बोलू? दीड वरीस दाबून ठेवलं, आन् रोज तुझ्या हातचं जेवलो. तुला माहेरी धाडली तवाबी सांगायची हिंमत झाली न्हाई, म्हणून त्या कार्डावर हिरवा मळा लिहीत बसलो.

सासऱ्यानं असं लिहू नये, पण मला माफ कर. त्याचं पत्र ह्यात घातलंय, ते तुझं हाय. दार तुला कवाबी उघडं, पण माझ्या चुलीसाठी येऊ नगंस.

लालासाहेब

माधवनगर
३ जून १९७३

ती. मामांच्या चरणी शि. सा. न., वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. राग आला होता. ह्यांचं अक्षर पाहून आधी रडले, मग तुमच्यावर इतकी चिडले की तुमचं पत्र फाडायला घेतलं. आईनं हात धरला. मग एक एक आठवत गेलं. तार आली त्यानंतर कितीतरी दिवस मी जेवायला बसेपर्यंत तुम्ही ताटाला हात लावत नव्हता. बायकांनी बांगड्यांचा विषय काढला तेव्हा तुम्ही उंबऱ्यात उभे राहून सगळ्यांना परत पाठवलंत. तेही तुम्हीच आणि पत्र लपवणारेही तुम्हीच. दोन्ही मनात एकदम मावायला मला एवढे दिवस लागले.

अर्ज भरला. सोबत पाठवते. पालकाच्या रकान्यात दादा स्वतःचं नाव घालायला निघाला होता, मी तुमचं घातलं. पुढं नातं विचारलंय. दादा म्हणाला, सासरे लिही. मी वडील लिहिलंय. चुकीचं वाटलं तर खोडा, पण खाली सही करून उलट टपालानं पाठवा.

आपली,
शालन