पुस्तकात खुणा करू नयेत

४ जानेवारी १९९८, सकाळ
मुलाला, प्रसेनजीतला (घरात जितू), जाऊन तीन महिने झाले. कागलजवळ हायवेवर मोटारसायकल आणि ट्रक. यात दैव नाही, प्रारब्ध नाही. फक्त वेग आणि ब्रेक. पत्नीला, म्हणजे धोंडुबाईला, मी हे तिसऱ्याच दिवशी स्पष्ट सांगितले: तो आता कुठेही नाही. शोकसभेत पंचेचाळीस मिनिटे बोललो. डोळे कोरडे. मी दुःखातून पूर्ण बाहेर आलो आहे.
संकल्प: नास्तिकांनी आणि शंकेखोरांनी वाचायलाच हवीत अशा पंचवीस पुस्तकांची यादी महिनाअखेर छापणे.

११ जानेवारी
यादी तयार. सर्व पुस्तके आमच्याच पुढच्या खोलीतल्या कपाटात, म्हणजे वाचनालयात आहेत. क्र. १ माझीच पुस्तिका, शोकाच्या ढोंगाविरुद्धची. नंतर विनय म्हणून ती क्र. २५ केली. तिची प्रत खिळखिळी झाली होती. बाइंडर चमनकडे दिली.
कपाटावर नियम लाल शाईत पुन्हा लिहिले. १) पुस्तक पंधरा दिवसांत परत. २) पुस्तकात खुणा करू नयेत.

३ फेब्रुवारी
पाचशे याद्या छापल्या. चारशे ब्याऐंशी शिल्लक. पण आज कोपऱ्यावर भजी यादीत बांधून मिळाली. विचार तळागाळात पोचतो आहे.

९ फेब्रुवारी, दुपार
ऐतिहासिक दिवस! धोंडुबाईने कपाटातून क्र. ७ (ग्रहणांवरचे) काढले. चौथी शिकलेली बाई! जिने काल मुलाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि माझे वीस मिनिटांचे भाषण न ऐकता वातीची काजळी झाडली, ती! उंबऱ्यात बसून बोट ठेवून वाचते आहे. मुद्दाम लक्ष दिले नाही. तीनदा जाऊन पाहिले.

१८ फेब्रुवारी
क्र. ७ नंतर एकदम क्र. ११, मग क्र. ३. असा क्रम का? विचार केला. ती आधी निष्कर्ष, मग पुरावा या पद्धतीने जाते आहे. एकाच पानावर तीन दुपारी. इतके सूक्ष्म वाचन मीही करत नाही.
उत्क्रांतीबद्दल मत विचारले. "कसली?" म्हणाली. प्रश्न विचारणे हीच सुरुवात.

८ मार्च
महिला दिनाची सभा. श्रोते अकरा, तीन मंडपवाल्याचे. मी गरजलो: "माझ्या घरात एका आईने अश्रू पुसून पुस्तक हाती घेतले आहे!" मंडपवाल्यांपैकी एक रडला. अपेक्षित परिणाम नव्हे, पण परिणाम.
पुढच्या सभेत धोंडुबाईचे भाषण ठेवतो. तिला सांगितले. "माझं काय काम तितं?" म्हणाली. विनय. माझ्याकडून घेतलेला.

१४ मार्च
कागलच्या शाळेला पंचवीस पुस्तकांचा संच भेट हवा. स्वतः जाणार होतो, पण एस.टी.ची वेळ सोयीची नाही. गेल्या महिन्यातही नव्हती. चमन नेईल.
संच तपासला. नऊ पुस्तकांत पेन्सिलीच्या रेघा! समासात टिपणे! अक्षर ओळखीचे आहे. तो मुद्दा नाही. नियम क्र. २ सर्वांना सारखा, संस्थापकाच्या मुलालाही. धोंडुबाई भावाकडे वारणानगरला गेली होती, घर शांत होते. बसून सगळे खोडले. चमन संचाच्या खोक्यासाठी मोजमाप घ्यायला आला होता. म्हणाला, "सर, जितूनं मारल्यात न्हवं ह्या? ऱ्हाऊ द्या की." त्याला समतेचे तत्त्व समजावले. तो चहा न घेताच गेला.
दोन खोडरबर संपले. भुगा डोळ्यांत जाऊन बराच वेळ पाणी आले.

१६ मार्च
धोंडुबाई परतली. हातपाय धुतले आणि क्र. ७ उघडले. पान उलटले. परत उलटले. "हितली रेघ कुटं गेली?"
नियम सांगितला. ओरडली नाही. नऊही पुस्तके मांडीवर घेऊन एकेक पान उजेडाला तिरपे धरून बघत बसली. मी म्हणालो, दाबाची खूण राहते, शिसे नव्हे. नंतर वाटले, हे सांगायला नको होते.
मग म्हणाली, "तुमीच म्हणालतासा, त्यो कुटंबी न्हाय. हितं हुता की वो. आता खरंच न्हाय."
उठून कपाटावरचा नियम क्र. २ पुन्हा वाचला. लाल शाईत स्पष्ट लिहिलेला आहे.

१७ मार्च
तोडगा! रेघा पुन्हा मारायच्या. कोणती वाक्ये, ते मला पाठ आहे. सकाळी नऊ ते एक. अडतीस रेघा, अचूक.
तिने पाहिल्या. "पट्टीनं मारल्यासा. त्यो हातानं मारायचा. वाकड्या यायच्या." पुस्तक मिटून माझ्या हातात दिले. जेवली नाही. मीही नाही.
संच पाठवणे स्थगित.

२० मार्च, सकाळ
चमन आला. क्र. २५ आणली, नवा पुठ्ठा घालून. मी उशिराबद्दल झापले. म्हणाला, "कवाच झालती सर. तुमी खोडत बसलायसा बघितलं, म्हणून दिली न्हाय." पुस्तिका माझ्याकडे नव्हे, धोंडुबाईकडे दिली.
तिने पान चौदा काढले. तिथे माझे वाक्य: 'मृतासाठी रडणे हे स्वतःशी केलेले ढोंग आहे.' सभांत याला हमखास टाळी. शेजारी पेन्सिलीने त्याचेच अक्षर, वाकडे.
"वाचा की," ती म्हणाली. "सभेत वाचता तसं. मोठ्यांदा."
उभा राहिलो. वाचले: 'अप्पा, आजी गेली तेव्हा तुम्ही न्हाणीत नळ सोडून...'
पुढचे अक्षर लागले नाही; पुस्तिका तिच्याकडे दिली. चष्म्याचा नंबर बदलला आहे. डोळे डॉक्टरांना दाखवावेत.
बाकीचे धोंडुबाईने बोट ठेवून, अडखळत वाचले: '...रडत होता. मी दाराबाहेर होतो. मला बरं वाटलं.'
चमन चपला घालून निघून गेला. ती उठली, न्हाणीत गेली, नळ सोडला आणि बाहेर येऊन दार माझ्यासाठी धरून उभी राहिली.
पाणी बरेच वाया गेले.