‘स्वे’चं तिसरं वाक्य

२ जुलै ७४, मंगळ.
नववी ब. इंग्रजीच्या धड्यात ‘स्वे’ (sway) शब्द आला. नुसता अर्थ सांगितला तर पोरं विसरतात, म्हणून नेहमीसारखी तीन वाक्यं फळ्यावर. वाऱ्यानं झाड डोलतं ते एक. भाषणानं लोकांचं मन वळतं ते दुसरं. तिसरं सुचेना, तास संपत आलेला. लिहून टाकलं: द चेअरमन होल्ड्स स्वे ओव्हर द हेडमास्टर. मागच्या बाकावरून मराठी अर्थ मागितला. म्हटलं, चेअरमन म्हणतील तेच हेडमास्तर करतात. वर्ग खो-खो हसला. मीही हसलो, गाढव. प्रत्येक वाक्य पाच वेळा लिहून आणायचं, हा माझाच नियम.

४ जुलै, गुरु.
शिपाई मारुती भर तासात दारात. “सर, तुमाला हापिसात बोलिवलंय. कुणाची तरी वही बी हाय तितं.”
वही आमच्या शाळेच्या चेअरमनच्या पुतणीची. अक्षर मोत्यासारखं. पोरीनं काकांसमोर मोठ्यानं पाठ केलं, अर्थासकट. ती माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर, आणि मी...
हेडमास्तर खाली बघत म्हणाले, “सोमवारी लेखी खुलासा द्या.”
माझी उमेदवारीची दोन वर्षं जूनमध्ये भरली. कायम करायचं की घरी बसवायचं, ते महिनाअखेरच्या सभेत. हेडमास्तरांनी शिफारस करायची, चेअरमननी ठरवायचं.

५ जुलै
शैलाला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, “राजा नि प्रजा लिहायला काय झालं होतं? हात झडला असता?” बरोबर आहे. तरी राग आला. जेवलो नाही नीट.

७ जुलै, रवि.
मेहुणा कुर्डुवाडीहून आला. रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, ओळखी भरपूर. “दाजी, लई ताणू नका. चेअरमनचा व्याही मोडनिंबचा, आपल्या वळकीचा हाय. शबुद टाकतो की.” मी नको म्हटलं. शै. म्हणाली, टाक. तो तिच्याकडे बघून ‘व्हय’ म्हणाला, माझ्याकडे बघितलंच नाही. ‘स्वे’चं चौथं वाक्य घरातच होतं म्हणायचं.

८ जुलै
खुलाशाचे दोन मसुदे. एक: वाक्य निव्वळ काल्पनिक, कोणाही व्यक्तीशी संबंध नाही. दुसरा खरा. दुसरा फाडून चुलीत घातला. पहिल्यावर सही केली, लाज वाटली. हेडमास्तरांनी न वाचताच फाईलला लावला.

११ जुलै, गुरु.
वरून हुकूम: वाक्य सगळ्या वह्यांतून खोडून घ्या. बेचाळीस पोरं पट्टी धरून शाई फिरवत बसली. बाळशीकडच्या वस्तीवरून येणारा एक उभा राहिला, “सर, वाक्य चुकलं व्हतं का?”
“हो.”
“कुटं चुकलं?”
पुढचा धडा काढा म्हटलं.

१४ जुलै, रवि.
सकाळी साडेनवाला हेडमास्तर घरी. शुक्रवार पेठेतल्या या जिन्यावर दोन वर्षांत कधी आले नव्हते. शै.ला वाटलं, काहीतरी ठरलं. घाईनं चहा टाकला. सर टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. म्हणाले, तुमच्या शिफारशीचा कागद अजून माझ्याच टेबलावर आहे. काय लिहायचं ते लिहिलेलं नाही. मी ‘बरं’ म्हटलं.
बशी फिरवत हळूच म्हणाले, “माझी धाकटी आठवीत आहे. पुढल्या वर्षी तुमच्या वर्गात येईल. तिच्यासमोर तसलं वाक्य नका लिहू. एवढंच सांगायला आलो.”
चहा अर्धा ठेवून गेले. जिना उतरताना कठडा धरला होता.
पुढल्या वर्षी तुमच्या वर्गात, म्हणाले. म्हणजे मी असणार? माणूस आपली मान खाली घालून समोर बसला होता, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे. स्वतःचीच शिसारी आली.
शै. दारातून विचारते, “काय म्हणाले हो? करणार का कायम?”