लॅमिनेशन केलेला घोडा

आई,

रविवारी जमणाऱ्या आमच्या टोळक्यानं मला एक काम दिलंय. नव्यानं खेळायला येणाऱ्यांना आमचे शब्द कळत नाहीत, तेव्हा एका कागदावर ते शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून काढ, म्हणाले. मी तिथला पंच, म्हणजे सगळ्यात जुना आणि सगळ्यात खडूस, म्हणून माझ्याकडे. कालपासून बसलोय. पहिला शब्द लिहिला आणि लक्षात आलं की हे शब्द आजवर मला एकाच माणसानं मनापासून विचारले होते आणि त्या माणसाला मी एकही धड सांगितला नाही. म्हणून आधी तुला सांगतो. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. आता तू मधेच उठून गॅस बारीक करायला जाणार नाहीस.

टोळकं म्हणजे कोण, तर परभणीत एका मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत जमणारे दहा-बारा बाप्ये. एक बँकेत आहे, एक खताचं दुकान चालवतो, एक कॉलेजात शिकवतो. खाली रस्त्यावर भेटले तर भाजीची पिशवी सांभाळत चालणारी साधी माणसं. जिना चढून वर आले की सेनापती होतात. प्रत्येकाकडे साठ पत्त्यांचा गठ्ठा, त्याला गठ्ठा म्हटलेलं चालत नाही, डेक म्हणायचं. प्रत्येक पत्त्याला वेगळं प्लास्टिकचं पाकीट, त्याला स्लीव्ह. घरी यांच्या आधार कार्डावरची शाई उडून चेहरा ओळखू येईना, पण पत्त्यावरच्या राक्षसाला बोटाचा घाम लागता कामा नये. काही पत्ते जमिनीचे असतात, काही प्राण्यांचे, काही जादूचे. जमिनीच्या जिवावर प्राणी उतरवायचे आणि त्या प्राण्यांनी समोरच्याला संपवायचं. एवढाच खेळ आहे. त्यावर त्यांनी शब्दांचा इतका पसारा मांडलाय की नवीन माणूस ऐकूनच दबतो, आणि तो दबावा म्हणूनच ते बोलतात.

तू दबली नव्हतीस. सोनपेठचं आपलं स्वयंपाकघर, शहाबादी फरशी थंड आणि सपाट म्हणून मी तिथंच पत्ते मांडायचो. तू भाकरी थापतेस, मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतोय, आणि तू परातीवरून मान वाकडी करून बघतेस.

‘‘ह्यो आडवा कामून केला रे?’’

त्याला टॅप म्हणतात, आई. पत्ता आडवा केला म्हणजे त्याचं या पाळीतलं काम झालं, पुढच्या पाळीला सरळ होईपर्यंत तो काही करू शकत नाही. दोन वाक्यांत सांगून झालं बघ. तेव्हा मी म्हणालो होतो, ‘‘तुला नाही कळायचं.’’ मग तू मेलेल्या पत्त्यांच्या ढिगाकडे पिठाचं बोट दाखवलंस. त्याला ग्रेव्हयार्ड म्हणतात, कब्रस्तान. हरलेले प्राणी तिथं जातात, आणि काही जादूचे पत्ते त्यांना तिथून उठवून परत खेळात आणतात. तू ते बघत होतीस, कारण पुढं म्हणालीस, ‘‘मेलेलं परत आणता येतंय व्हय? लय चांगलं हाय की मंग.’’ मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबा तेव्हा एसटीत कंडक्टर. पत्ते म्हटलं की त्यांना बायकापोरांचं वाटोळं केलेली माणसंच आठवायची, आणि दारात चपला काढताकाढताच ते चढ्या आवाजात सुरू व्हायचे. तू त्यांना म्हणायचीस, ‘‘पैशाचे न्हाईत ओ, चित्राचे हायत.’’ माझ्या बाजूनं बोललेलं ते वाक्यही मला अडाणीपणाचंच वाटायचं.

मलिगन हा शब्द त्यांचा फार लाडका. सुरुवातीला हातात सात पत्ते येतात. ते अगदीच टाकाऊ निघाले तर परत ठेवून नवे घेता येतात, फक्त एक कमी करून. खतवाला गेल्या रविवारी या शब्दावर वीस मिनिटं भांडला, जणू याच्यावर बायकोचं ऑपरेशन अवलंबून आहे. टॉपडेक म्हणजे नेमका हवा तो पत्ता नेमका हव्या त्या वेळी वरून निघणं. समोरच्याला निघाला की नशीब, स्वतःला निघाला की अभ्यास. नेटडेक म्हणजे दुसरा कुणी ज्यावर जिंकला तो डेक इंटरनेटवरून जसाच्या तसा उचलणं, आणि हे सगळेच करतात आणि सगळेच एकमेकांना त्यावरून नावं ठेवतात. टिल्ट म्हणजे हरायला लागल्यावर डोकं फिरून आणखी चुका करत सुटणं. आपल्याकडं याला साधं पिसाळणं म्हणतात, पण पिसाळलो म्हटलं तर कुणीतरी हसेल, टिल्ट म्हटलं की कसं तज्ज्ञासारखं वाटतं. उसनं इंग्रजी चढवलं की आपला रडेपणाही यांना अभ्यासाचा विषय वाटायला लागतो. यातला एकही शब्द मी कमी वापरलेला नाही, हेही लिहून ठेवतो.

आता घोड्याचं. अठरा वर्षांचा होतो मी. पुण्याच्या मामेभावाला चौदा पत्ते देऊन मी एक पत्ता घेतला होता, काळ्या पंखांचा घोडा, हलवला की चमकणारा. असला पत्ता अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल, असं मी तुला शंभरदा ऐकवलं होतं. त्याला हात लावण्याआधी मी साबणानं हात धुवायचो. जेवणाआधी न धुणारा पोरगा एका कागदासाठी धुतो, हे तू बघत होतीस. म्हणायचीस, ‘‘घोडं लय रागीट दिसायलंय.’’ पुण्याला मोठी स्पर्धा होती, माझी पहिलीच, आणि माझा सगळा डेक त्या एका घोड्यावर उभा होता.

तहसीलच्या बाहेर तुझी झेरॉक्सची टपरी होती आणि त्या टपरीत लॅमिनेशनचं मशीन. सोनपेठात तुझ्या हातून जे गेलं नाही असं काही नव्हतं. रेशन कार्ड, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा एकुलता एक फोटो, देवाची आरती, बाबांचा पास. एकदा तू लाइटबिल लॅमिनेट केलं होतंस, का, तर भरल्याचा शिक्का चांगला उठला होता म्हणून. तुझ्या हिशोबानं जगात दोनच प्रकारचे कागद होते, लॅमिनेट केलेले आणि खराब होणारे. याची मी मित्रांत नक्कल करायचो.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी केस कापायला गेलो तेव्हा तू माझ्या पत्त्यांच्या डब्यातून घोडा काढलास. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर मी परभणीच्या गाडीची वाट बघतोय, आणि तू पिशवीतून वहीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवतेस.

‘‘घे. आता पाणी लागू दे का घाम लागू दे, काय होत न्हाई बघ. कोपरे बी गोल केलेत, टोचायचे न्हाईत.’’

तुला मी हे कधी समजावून सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो. पत्ते पिसावे लागतात. साठातला एक पत्ता जाड आणि कडक झाला, की डोळे मिटूनही बोटाला कळतं घोडा कुठं आहे. त्याला मार्क्ड कार्ड म्हणतात, खुणेचा पत्ता. तो डेकमध्ये ठेवणं म्हणजे लबाडी, पंच बाद करतो. आणि मिंट म्हणजे पत्ता छापखान्यातून आल्यासारखा कोरा असणं. तू मशीनच्या तापलेल्या रुळांतून काढून, कात्रीनं त्याचे कोपरे गोल कापून, माझ्या घोड्याचं मिंटपण कायमचं संपवलं होतंस. हे एवढं तिथं सांगता आलं असतं. गाडी लागायला पंधरा मिनिटं होती. आपल्या गल्लीतल्या दोघी जणी उभ्या होत्या, माझे शाळेतले एक सर उभे होते, आणि त्यांच्यादेखत मी म्हणालो, ‘‘कुणी सांगितलं होतं तुला? अडाणी ती अडाणीच राहणार.’’

सर वर पाटीकडे बघायला लागले. तू माझ्या हातातला घोडा परत घेतलास, उलटासुलटा केलास आणि हळू आवाजात विचारलंस, ‘‘मशीनमधी घालून निघतंय का बघू का? गाडीला टाइम हाय अजून.’’

मी तो हिसकावून घेतला आणि पलीकडे जाऊन उभा राहिलो. गाडी सुटेपर्यंत तू तिथंच होतीस.

पुण्याहून परत आलो तो तोंड पाडूनच. तू ताट वाढलंस, विचारायचं धाडस होईना म्हणून दोनदा पाणी आणून ठेवलंस. मी म्हणालो, ‘‘बाद केलं मला. पहिल्याच फेरीत. तुझ्यामुळं.’’ तू खाली बसलीस. ‘‘मंग त्यांना सांगायचं न्हाई का, आईनं केलंय म्हणून?’’ मी हसलो. असं हसलो, की बाबांनी पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर तू तो पत्ता पिशवीत घालून परभणीला गेलीस, हे मला महिन्याभरानं कळलं. कॉलेजसमोरच्या स्टेशनरीवाल्यानं सांगितलं, ‘‘तुझी आई आली होती की. असंच घोडं द्या म्हणाली, पण प्लास्टिक न लावलेलं.’’ चार-पाच दुकानं फिरली होतीस म्हणे. मी घरी येऊन म्हणालो, माझी लोकांत फजिती करत जाऊ नकोस. तू बरं म्हणालीस. टपरीवर मात्र येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागलीस, ‘‘नक्की करू ना? एकडाव केलं की निघत न्हाई.’’ दाखला घेऊन आलेली माणसं वैतागायची. काही जण समोर नव्यानं झालेल्या दुकानात जायला लागले. मी त्यावरूनही तुला बोललो, की धंदा असा करतात का.

आणि नांदेडचा दवाखाना. तुझ्या हाताला सलाइन, शेजारच्या खाटेवर गंगाखेडकडची एक बाई. तिनं माझ्याबद्दल विचारलं असावं. तू सांगतेस, ‘‘पोरगं लय हुशार हाय. माझ्यामुळं एकडाव मागं पडलं, न्हाईतर कुठच्या कुठं गेलं असतं.’’ मी त्याच खोलीत खुर्चीवर बसून मोबाइल बघतोय. तुला वाटलं माझं लक्ष नाही. मी शब्दन्‌शब्द ऐकला आणि मान वर केली नाही. त्यानंतर तू नऊ दिवस होतीस. नऊ दिवस पुरेसे असतात.

आता प्रॉक्सी हा शब्द. कॉलेजात दुसऱ्याच्या नावाची हजेरी लावण्याला प्रॉक्सी म्हणायचो, पत्त्यांत तो जवळपास तसाच वापरतात. पत्ता खराब झाला असेल तर पंच एका फालतू पत्त्यावर पेनानं त्याचं नाव लिहून देतो आणि त्या दिवसापुरता तोच खरा धरायचा. पुण्याच्या त्या पंचानं तुझा घोडा हातात घेतला, उजेडात धरला, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, ‘‘काम सफाईदार आहे. कुणी केलं?’’ मी म्हणालो, दुकानदारानं. तो म्हणाला, खरं तर हे नियमात बसत नाही, पण लांबून आलायस. आणि त्यानं मला प्रॉक्सी लिहून दिली. मी बाद झालो नाही, आई. मी दिवसभर खेळलो. पहिल्या दोन फेऱ्या जिंकलो.

तिसऱ्या फेरीत समोर चष्म्याची एक मुलगी होती. तिची अवस्था वाईट होती आणि घोडा माझ्या हातात होता, पेनानं लिहिलेला. खाली ठेवला असता तर डाव तिथंच संपला असता. मी ठेवला नाही. मला तिला आशा लावायची होती, तिला जिंकल्यासारखं वाटायला लागलं की मग सावकाश, सगळ्यांच्या देखत घोडा टेबलावर ठेवायचा होता. याला स्लोरोल म्हणतात, आणि आमच्यासारख्या पोरकट माणसांतही हे खालच्या दर्जाचं मानतात. दोन पाळ्या मी तो हातात धरून बसलो. तिसऱ्या पाळीला तिला हवा तो पत्ता वरून निघाला आणि मी हरलो. तिनं हात पुढं करून जीजी म्हटलं, म्हणजे चांगला डाव झाला. डाव संपला की हे म्हणायची रीतच आहे. मी हात खिशात घातला. परतीच्या गाडीत परभणी येईपर्यंत बाद केल्याची गोष्ट तयार झाली होती, कारण ती सांगायला सोपी होती आणि ऐकून घ्यायला तू होतीस.

त्या टोळक्याला मी एवढी नावं ठेवली, पण त्यांच्यातल्या कुणी आपली हार आईच्या नावावर टाकल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे कुठंही पाठवायचं नाही हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं, आणि म्हणूनच लिहिता आलं. तू आज असतीस आणि परातीवरून मान वाकडी करून विचारलं असतंस, की पुण्याला तवा नेमकं काय झालतं रे, तर मी आजही तुला सांगितलं असतं, बाद केलं मला.