ती ‘येते’ म्हणाली

शुक्रवार, ३ मे

आज सिनेमा लागला! तिसरा भाग, शेवटचा. आणि मी घरात!

दादा नऊला येणार होता. आईपाशी तो बसणार, मी पहिल्या शोला पळणार, असं पंधरवड्यापासून ठरलेलं. मी आंघोळ करून, निळा ड्रेस घालून, केस बांधून तयार. आईचं सगळं आवरलेलं, औषधं वाटीत काढून ठेवलेली. दहाला फोन — ‘अगं, मीटिंग लागली अचानक. रविवारी येतो ना. नक्की येतो.’ अचानक म्हणे! दादाच्या मीटिंगा नेहमी माझ्याच मुहूर्तावर लागतात.

ड्रेस बदलला. मशीनवर बसले. एका बाईच्या स्कर्टची चेन बदलायची होती ती उलटी लावली, उसवली, पुन्हा लावली.

दोनपासून चाहत्यांचा ग्रुप पेटलाय. ‘शब्द नाहीत.’ ‘अजून रडतेय.’ ‘शब्दच नाहीत.’ शब्द नाहीत म्हणत एकेकाने पानपानभर लिहिलंय. मी वाचायचं नाही ठरवलं होतं. सगळं वाचलं. दिवटीने — कॉलेजात आहे, चेहरा मी कधी पाहिला नाही, फोटोच्या जागी नुसती ज्योत — सरळ मलाच विचारलं, ‘मावशी, तुम्ही कोणत्या शोला? रडलात ना?’

ग्रुपवर मी सगळ्यांची मावशी. ज्या कादंबरीवरून सिनेमा काढलाय तिचे तिन्ही खंड मला जवळजवळ तोंडपाठ, त्यामुळे कुठलं वाक्य कुठल्या प्रकरणात ते मला विचारतात. मावशीनेच सिनेमा पाहिला नाही, हे कसं सांगू? लिहिलं — ‘पहिल्याच शोला. खूप रडले.’

निदान रडण्याचं खरं होतं.

शनिवार, ४ मे

ग्रुपवरचं भांडण नेमकं कशावरून आहे ते आज कळलं. एका शब्दावरून!

कादंबरीत राखणदारीण शेवटी डोंगरातला तो दरवाजा आतून ओढून घेते. कुणीतरी आतूनच लावायला हवा, नाहीतर धुकं बाहेर येऊन सगळा मुलूख गिळणार. बाहेर तिचा भाऊ उभा असतो. ती काही बोलत नाही. अडसर पडल्याचा आवाज होतो आणि पुढचं पान कोरं. बस. मी ते कोरं पानसुद्धा दर वेळी वाचते.

आणि सिनेमात ती दार लावता लावता भावाकडे बघते आणि म्हणते — ‘येते.’

झालं! ग्रुपचे दोन तुकडे. अर्धे म्हणतात, तिने शब्द दिलाय, ती परत येणार, चौथा भाग निघणार. अर्धे म्हणतात, निघताना माणूस म्हणतो तसं म्हणाली, त्याचं काय एवढं. आणि खडूस तिसरीकडेच. (हे नाव त्याने स्वतःच घेतलंय, आणि शोभतं.) ‘पुस्तकात ती गप्प असते. गप्प! लोकांनी पुस्तक वाचावं आधी!’ त्याचा प्रत्येक मेसेज याच वाक्यावर संपतो. अनुस्वारासाठीसुद्धा भांडणारा माणूस.

आईला भरवताना माझ्या डोक्यात तेच. झटका आल्यापासून आईचे शब्द उलटे झालेत. गारला गरम म्हणते, वरला खाली. मला जवळ बोलवायचं असलं की ‘जा! जा!’ म्हणून ओरडते. पहिले काही दिवस मी खरंच जायचे. मग ती रडायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूत शब्दांचे खण शेजारीशेजारी असतात, हात भलत्या खणात जातो. आता मला सवय झालीय. ‘जा’ ऐकू आलं की हातातलं टाकून येते.

आईचं तोंड पुसलं आणि ग्रुपवर लिहून टाकलं — ‘घरातून निघताना आपण कधी जाते म्हणतो का? म्हणू देतात का? येतेच म्हणायचं असतं. म्हणून राखणदारीण येते म्हणाली. येते म्हणाली, म्हणजे गेली. कायमची.’

बदाबदा बदाम! दिवटीने तर तेच पुन्हा रंगीत अक्षरांत काढून टाकलं. मी फुगले. आणि फुगले की माझं जे होतं तेच झालं. पुढे लिहून बसले, ‘निळी शाल खांद्यावरून घसरते ना, तिथेच मला कळलं होतं.’

खडूसचं उत्तर लगेच. ‘मावशी, शाल? सिनेमात शाल कुठे होती?’

शाल पुस्तकातली! फोन उशीखाली घातला.

रविवार, ५ मे

दादा आला नाही. तोही ‘येतो’ म्हणाला होता!

मंगळवार, ७ मे

काय दिवस गेला! लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझं मशीन खिडकीशी आहे, मान वळवली की आतल्या खोलीतला आईचा पलंग दिसतो. म्हणूनच दुकान सोडून ही घरची कामं धरली — उंची कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला. तर आज बँकेतला एक कारकून आला. चाळिशीचा, डोक्यावर थोडे केस, हातात पिशवी. पिशवीतून काढलं काय, तर राखणदारांचा करडा झगा! टोपीसकट. रविवारी ते सगळे झगे घालून सिनेमाला जाणार आहेत. याचा जमिनीवर लोळतोय, चार बोटं वर घ्यायचा.

त्याला स्टुलावर उभं केलं आणि खाली बसून टाचण्या लावायला लागले. तोंडात टाचण्या. बोलायची सोय नाही.

‘तुम्हाला विचित्र वाटत असेल,’ तो वरून म्हणाला. ‘मोठी गोष्ट आहे ती. थोडक्यात सांगतो.’ आणि त्याने थोडक्यात सगळं सांगितलं. दरवाजा, धुकं, भाऊ. शेवटी कॅमेरा कुठे असतो तेही. तिच्या बोटांवर! मला ऐकायचं नव्हतं हो. मला ते बघायचं होतं. दोन्ही हात झग्यात, कान उघडे. करणार काय?

मग म्हणतो, ‘आमच्या ग्रुपवर एक मावशी आहेत. सर्वज्ञ! परवा कुठल्याशा शालीबद्दल लिहीत होत्या. माझी खात्री आहे, बाईंनी सिनेमा पाहिलेलाच नाही. नुसत्या थापा. लोकांनी पुस्तक वाचावं आधी, आणि सिनेमाबद्दल बोलायचं तर—’

टाचणी त्याच्या घोट्यात गेली.

मुद्दाम नाही. मला वाटतं, मुद्दाम नाही.

बुधवार, ८ मे

आज ग्रुपवर दिवसभर त्याग. ‘काय तो त्याग!’ ‘अशी माणसं आता कुठे!’ दिवटी म्हणते, मलाही राखणदारीण व्हायचंय.

मला संताप आला. ज्यांना दुपारी उठून हवं तिथे जाता येतं त्यांना दुसऱ्याने आतून लावलेलं दार फार सुंदर दिसतं. माझ्याकडे बघूनही वहिनी हेच म्हणते — ‘तुम्ही म्हणून करता हो, आमच्याने नसतं झालं.’ असं म्हटलं की त्यांचं काम संपलं. मला कुणी विचारलं नव्हतं, करशील का म्हणून. दादाचं लग्न झालेलं होतं, माझं मोडलेलं होतं, एवढ्यावर ठरलं. आई मला जड नाही. खरंच नाही. पण ही खोली, हा पलंग, ही खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी! कधीकधी वाटतं, गळ्याशी कुणी काजं-बटणं लावत आणलंय, एकेक करून, वरपर्यंत.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं होतं. पाठवायच्या आधी पुसलं. आई ‘जा जा’ करत होती.

शनिवार, ११ मे

पकडले गेले.

कारकून झगा न्यायला आला. घालून बघितला, आरशात दोनदा वळला, खूश झाला. इतक्यात आतून आई — ‘जा! जा!’

बिचारा दचकलाच. पिशवी उचलून दाराकडे निघाला. ‘आजी रागावल्यात का?’

मला हसू फुटलं. ‘तुम्हाला नाही हो! मला ये म्हणतेय. झटका आल्यापासून तिचं सगळं उलटं झालंय.’

तो थांबला. खडूस तो, शब्द दिसला की थांबणारच. ‘म्हणजे जा म्हटलं की ये?’

‘हो.’

‘आणि समजा येते म्हटलं, की—’

‘की गेली. कायमची.’

तोंडातून गेलंच! माझंच वाक्य, जसंच्या तसं. अर्ध्या ग्रुपने रंगीत अक्षरांत पाहिलेलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पलंगाकडे. मग फळीवर दोऱ्यांच्या डब्यामागे उभ्या तीन जाड खंडांकडे. अगदी हळू म्हणाला, ‘मावशी?’

डोळे भरून आले, त्याची इतकी लाज वाटली. त्याने झग्याची घडी घातली, नीट, बाह्या आत घेऊन. ‘उंची अगदी बरोबर झालीय,’ म्हणाला आणि गेला.

आता उद्या सगळ्यांना सांगणार. सांगू दे. पण मग माझ्याकडे उरलं काय? या चार भिंतींबाहेर मला कुणी मावशी म्हणतं ते तेवढ्याच ठिकाणी.

रविवार, १२ मे

झग्यांचे फोटो आले. पायऱ्यांवर ओळीने उभे, टोपीत तोंडं. मी झगा ओळखला, माझ्या हातचा.

आईच्या डाळीत दोनदा मीठ घातलं. संध्याकाळी खडूसचा मेसेज आला. बघवेना. मशीनचं झाकण लावलं, दिवा लावला, मग उघडला.

‘आज नीट बघितलं. शाल आहे. मागे खुंटीवर, जेमतेम दिसते. मावशी बरोबर होत्या, माझं लक्ष नव्हतं.’

शाल नाहीच! लोकांनी चार-चार वेळा पाहिलाय, शाल कुठेही नाही. दिवटीने विचारलंसुद्धा, कुठली खुंटी? हा म्हणतो, ‘डोळे उघडे ठेवून बघा.’ माझ्यासाठी खोटं बोलला तो माणूस. खडूस!

आईच्या उशाशी बसून रडले. तिने चांगल्या हाताने माझा कान चाचपला. गाल शोधत होती बहुतेक.

दादा — ‘पुढच्या रविवारी.’

मंगळवार, १४ मे

शुक्रवारी सिनेमा उतरतोय. गुरुवारी दुपारचा एक शो, तो शेवटचा. दादाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर आवाज चढवला — ‘एक दुपार दे मला. एक!’

तो खरोखरच चकित झाला. ‘अगं, एवढं काय? सिनेमाच तर आहे. टीव्हीवर येईल की.’

काय सांगू याला? सिनेमाच तर आहे, बरोबर आहे. पण तीन वर्षं मी ‘शेवटचा भाग आला की’ असं म्हणत काढलीत. शेवटचा भाग आला की मी जाणार, त्या अंधारात बसणार, मी बघायच्या आधी कुणी मला त्याचा शेवट सांगणार नाही. तेही आता उरलं नाही. तरी जायचंय. का, ते फोनवर सांगता येईना.

‘बरं,’ म्हटलं आणि ठेवला.

बुधवार, १५ मे

कारकून आला. बटण तुटलंय म्हणे. झग्याला बटणच नाही!

सोबत बायको. ठेंगणी, ठसठशीत, चपला काढता काढताच बोलायला लागली. ‘उद्या दुपारी तुमच्या आईंपाशी मी बसते. सासूचं सगळं मी केलंय पाच वर्षं, मला काही शिकवू नका. हेही बसतील. नाहीतर पाचव्यांदा सिनेमाला जातील आणि घरी येऊन मला पुन्हा सांगतील.’

मी नाही म्हटलं. ओळख ना पाळख! तुम्हाला त्रास, आईला नवं माणूस चालत नाही, तिचं बोलणं कळायचं नाही, कुठे काय ठेवलंय ते— मी किती कारणं सांगितली! स्वतःलाच ऐकू येत होतं, एकेक कारण मीच शोधून आणतेय. मोकळं व्हायची वेळ आली तर माझेच पाय मागे!

बायको ऐकत ऐकत आत गेली. आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग चांगला हात पुढे केला — ‘जा. जा.’

बाई थबकली. कारकून दारातून म्हणाला, ‘अगं, बस जवळ. ये म्हणतायत.’

बसली. आईने तिच्या बांगड्या मोजायला घेतल्या. मी कारणं सांगायची थांबले.

निळा ड्रेस पुन्हा इस्त्री केला. लिहिता लिहिता दोनदा उठून पाहून आले. चौथीतल्या सहलीच्या आदल्या दिवशी असं व्हायचं.

गुरुवार, १६ मे

शेवट पाहिला नाही.

मधली खुर्ची मिळाली होती. दिवे गेले. गार अंधार, मऊ पाठ, आणि कुणी हाक मारत नव्हतं. डोंगरातला दरवाजा दिसला, एवढं आठवतं. त्यानंतर एकदम खांद्यावर हात. झाडणारी बाई होती.

‘ताई, संपला कधीच. इतक्या गाढ झोपला होतात, उठवायचं जिवावर आलं बघा.’

मला कळेचना मी कुठे आहे. मग कळलं. तिला विचारलं, अजून थोडं बसू?

‘बसा की,’ म्हणाली, आणि माझी रांग सोडून पुढची झाडायला घेतली.